पाणी धरणारी भुकटी आणि पाणी धरणारी माती

गेल्या काही वर्षांपासून खरिपाच्या तोंडावर लातूर व नांदेड जिल्ह्यांतील शेतकरी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना एक प्रश्न आवर्जून विचारतात. आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिणारी जी भुकटी बाजारात मिळते, ती सोयाबीनच्या पेऱ्याबरोबर जमिनीत घालावी किंवा नाही? प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या एप्रिल महिन्यात ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे पाणी भरण्याच्या ठिकाणी जेथे जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, त्या मुलखातील माणसाला पाणी धरून ठेवणाऱ्या कोणत्याही वस्तूचे आकर्षण वाटणे स्वाभाविकच होय. परंतु आकर्षण वेगळे आणि हिशेब वेगळा. भुकटी विकणारा आपली बाजू सांगतोच. हिशेब मांडून दाखविणे हे कार्यकर्त्याचे काम आहे आणि ते काम आज पुरेसे होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम ही भुकटी म्हणजे काय ते पाहू. रसायनशास्त्रात जिला बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणतात, त्या जातीची ही वस्तू आहे. एकाच प्रकारचे लहान रेणू एकापुढे एक जोडून लांबच लांब धागे बनतात आणि हे धागे ठिकठिकाणी एकमेकांस गाठी मारून बांधलेले असतात. कोरडेपणी हे जाळे आक्रसलेले असते. धाग्यांवर ऋण विद्युतभार असतो. पाणी मिळताच हे भार एकमेकांस दूर लोटू लागतात, जाळे फुगते आणि त्याच्या पोकळीत पाणी भरते. गाठी असल्यामुळे जाळे विरघळून मात्र जात नाही. पिष्टापासून असा पदार्थ बनविण्याचे काम अमेरिकेच्या शेती खात्याच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात झाले. आपल्या देशात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजपासून 'पुसा हायड्रोजेल' तयार केले. ते शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या किमान ३५० पट पाणी घेते, आणि त्याची शिफारस हेक्टरी साधारण अडीच ते पाच किलो इतकी आहे.

आता हिशेब करावा. पाच किलो भुकटी आणि साडेतीनशे पट पाणी, म्हणजे एकूण १,७५० लिटर. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे पाणी १०,००० लिटर होते. म्हणजे भुकटीने पूर्ण फुगून धरलेले पाणी पाव मिलिमीटर पावसाइतकेही भरत नाही. फुलोऱ्यातील सोयाबीन उन्हाच्या दिवशी चार ते पाच मिलिमीटर पाणी वापरते. त्या मानाने हा साठा पिकाची अर्ध्या तासाचीही तहान भागवीत नाही. पाऊस आला की साठा पुन्हा भरतो हे खरे, परंतु पाऊस आला की शेजारची मातीही भरते. आणि आपली माती किती पाणी धरते? मांजरा व गोदावरी यांच्या काठची एक मीटर खोलीची भारी काळी जमीन पिकाला उपयोगी पडणारे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात ठेवते, म्हणजे हेक्टरी पंधरा ते वीस लाख लिटर. या साठ्यापुढे पावणेदोन हजार लिटर म्हणजे रांजणापुढे चमचा. ज्या भुकटीला किलोमागे शेकडो रुपये मोजावे लागतात, ती अशा जमिनीवर सरसकट पसरण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्याने हे गणित आधी शेतकऱ्यासमोर फळ्यावर मांडावे.

याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याच्या जातीची आहे. तीनशे पन्नास पटीचा आकडा हा शुद्ध पाण्याचा आहे. पाण्यात क्षार असले की धाग्यांवरील भार झाकले जातात, धागे एकमेकांस पूर्वीइतके लोटत नाहीत आणि जाळे कमी फुगते. ॲक्रिलेट जातीची भुकटी शेकडा ०.९ मीठ असलेल्या पाण्यात शुद्ध पाण्याच्या सुमारे दहावा हिस्साच फुगते. चुन्यातील कॅल्शियम तर त्याहून वाईट. त्याच्या अंगी दोन भार असल्यामुळे ते दोन धाग्यांना पकडून एकत्र बांधून टाकते आणि एकदा फुगलेले जाळेही आक्रसते. आपली काळी जमीन दक्षिणेच्या काळ्या दगडापासून झालेली आहे, तिच्यात कॅल्शियम भरपूर, जागोजागी चुनखडीचे खडे, आणि कूपनलिकांचे पाणी बहुधा जड. डाळ शिजत नाही अशी तक्रार ज्या गावात आहे, त्या गावात या भुकटीचीही तीच गत होणार. सर्वच प्रकारांवर हा परिणाम सारखा होत नाही. सेल्युलोजपासून केलेल्या प्रकारावर तो कमी व्हावा असा प्रयत्न केलेला असतो. म्हणूनच दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून न राहता गावातच परीक्षा घ्यावी. एक ग्रॅम भुकटी अर्धा लिटर पावसाच्या पाण्यात आणि एक ग्रॅम अर्धा लिटर बोअरच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी दोन्ही स्वतंत्रपणे पातळ फडक्यातून गाळून, निथळू देऊन, सोनाराच्या अथवा किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावीत. जो फरक दिसेल तो दहा व्याख्यानांपेक्षा अधिक बोलका असेल. मातीच्या वजनाखाली दाबलेली भुकटी ताटलीतल्या भुकटीइतकी कधीच फुगत नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

आमचा विरोध भुकटीला नाही, भलत्या जागी तिचा उपयोग करण्याला आहे. कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर, जळकोट या बालाघाटच्या अंगाने असलेल्या हलक्या, मुरमाड जमिनींवर रोपवाटिकेच्या वाफ्यात, भाजीपाल्याच्या रोपांच्या पुनर्लागणीत, आंबा किंवा सीताफळाच्या कलमाच्या खड्ड्यात ती मुळांशी घातली, तर रोप जगण्याच्या नाजूक दिवसांत तिचा उपयोग होऊ शकतो. तेथे थोडक्या मातीत थोडके पाणी हवे असते आणि भुकटीही थोडकीच लागते. परंतु ज्या काळ्या जमिनीतील चिकण माती स्वतःच पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात पाय अडकावा एवढ्या भेगा पाडून आक्रसते, त्या जमिनीला फुगण्याचे आणखी औषध देणे आम्हांस पटत नाही. बालकांच्या लंगोटातील भुकटी काढून झाडाच्या बुडाशी घालण्याची जी युक्ती काही जण सांगतात, ती तर मुळीच करू नये. ती सोडियमयुक्त असते, आणि चोपण होऊ पाहणाऱ्या जमिनीत सोडियम आणून टाकण्याचे काही कारण नाही.

येथवर पाण्याचा विचार झाला. परंतु सच्छिद्र पदार्थ केवळ पाणीच धरतात असे नाही. ते वास, रंग, तेल, औषध अशी कार्बनी संयुगेही धरतात, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ही दुसरी बाजू पहिलीइतकीच मोलाची आहे. येथे दोन शब्दांतील भेद कार्यकर्त्यांनी ध्यानी घ्यावा. स्पंजाने पाणी पोटात घ्यावे तसे घेणे म्हणजे शोषण. आणि पृष्ठभागावर रेणू चिकटून बसणे म्हणजे अधिशोषण. पृष्ठभाग जितका मोठा, तितके अधिशोषण अधिक. प्रयोगशाळेत पाण्यातील कीटकनाशकाचा सूक्ष्म अंश पकडण्यासाठी स्टायरीन नावाच्या पदार्थापासून केलेले सच्छिद्र मणी वापरतात. त्यांतील एका प्रकाराच्या एका ग्रॅममध्ये आतल्या छिद्रांचा मिळून सुमारे सातशे चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे चिमूटभर मण्यांत सात गुंठे रान! गंमत अशी की या मण्यांना पाणी आवडत नाही. तेलकट मडक्यावरून पाणी ओघळावे तसे ते त्यांच्यावरून जाते. पाणी आत शिरावे म्हणून ते आधी मद्यार्कात भिजवून घ्यावे लागतात. पाण्याचे रेणू आपापसांत हात धरून राहू इच्छितात. तेलकट स्वभावाच्या परक्या रेणूला ते बाजूला सारतात, आणि तो जाऊन मण्याच्या अंगाला चिकटतो. पुढे मद्यार्काने धुतले की तो सुटतो आणि मोजता येतो.

याच्या उलट चिकण मातीचे आहे. तिच्या कणांना पाणी फार प्रिय. उन्हाळाभर कोरडी पडलेली माती हवेतील आणि वनस्पतींतून निघणारी कार्बनी द्रव्ये आपल्या अंगावर घेऊन बसते. मृगाची पहिली सर आली की पाणी त्या जागा बळकावते आणि तेथे बसलेल्या द्रव्यांना हुसकून लावते. पहिल्या पावसाचा जो सुगंध आपण छाती भरून घेतो, त्यात या हुसकलेल्या द्रव्यांचा मोठा वाटा आहे. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये याविषयी निबंध प्रसिद्ध केला व त्या वासाला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. उत्तर प्रदेशात कनौजला भाजलेल्या मातीपासून अत्तर काढण्याचा जो जुना धंदा आहे, तो याच तत्त्वावर चालतो. तात्पर्य इतकेच की, जागेसाठी पाणी आणि कार्बनी द्रव्य यांची सतत चढाओढ चालू असते. चिकण मातीच्या कणावर बहुधा पाणी जिंकते. कोळसा, ह्यूमस, प्लॅस्टिक अशा तेलकट अंगाच्या वस्तूंवर पाणी हरते.

ही चढाओढ समजली म्हणजे तणनाशकाच्या पुष्कळशा तक्रारींचा उलगडा होतो. सोयाबीनमध्ये पेरणीनंतर लगेच, उगवणीपूर्वी फवारले जाणारे पेंडिमेथालीन घ्या. ते तेलकट स्वभावाचे आहे. ह्यूमसला व मातीला घट्ट चिकटते आणि फवारले त्याच थरात राहते. वाफसा नसलेल्या, ढेकळे असलेल्या जमिनीवर ते फवारले तर ढेकळाच्या वरच्या अंगालाच चिकटून राहते, उन्हाने व वाऱ्याने कमी होते आणि ढेकूळ फुटताच खालचे तण मोकळे उगवते. दोष औषधाचा नसतो, मशागतीचा असतो. तुराट्या-पऱ्हाट्या जाळलेल्या जागी तण अधिक माजते अशी तक्रार आली, तर तेथे कोळशाची पूड मातीत मिसळलेली आहे काय, हे आधी पाहावे; कोळसा उगवणपूर्व तणनाशकाला धरून बसतो आणि त्याचा जोर मारतो. याउलट उगवणीनंतर फवारले जाणारे इमेझेथापायर आपल्या क्षारयुक्त जमिनीत ऋण भार घेऊन वावरते. मातीच्या कणांवरही ऋण भार असल्यामुळे तेथे त्याला थारा मिळत नाही. ते पाण्याबरोबर हिंडते, आणि जंतूंनी त्याचे विघटन करावे लागते. ज्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे जातात, त्या वर्षी जंतूंचे काम मंदावते, औषधाचा अंश उरतो आणि मागून पेरलेल्या रब्बी ज्वारीला तो बाधू शकतो. दुष्काळी वर्षात हे औषध मात्रेपेक्षा जास्त, अथवा उशिरा फवारू देणे म्हणजे रब्बीवर संकट ओढवून घेणे होय. तिसरे उदाहरण पॅराक्वाटचे. ते धन भाराचे असल्यामुळे चिकण मातीला इतके घट्ट चिकटते की सुटतच नाही. यास्तव ओढ्याच्या गढूळ पाण्यात कालविलेले पॅराक्वाट पंपातच अर्धमेले होते. हे औषध पोटात गेलेल्या रोग्याला इस्पितळात मुलतानी मातीचे किंवा सक्रिय कोळशाचे पाणी देतात, ते याच गुणामुळे. अशा प्रसंगी घरगुती उपाय करीत न बसता रोग्यास तात्काळ इस्पितळात न्यावे, कारण या विषावर उतारा नाही.

आता शेतातच तयार होणाऱ्या सच्छिद्र बहुवारिकाविषयी, म्हणजे ह्यूमसविषयी. शेणखत, पालापाचोळा, मुळ्या, जंतूंची शरीरे कुजून जे काळे द्रव्य उरते त्याच्या रचनेचा काही भाग पाण्याची ओढ असलेला आणि काही भाग तेलकट असतो. म्हणून ते पाणीही धरते आणि औषधही धरते. शास्त्रज्ञ ओढ्यानाल्याच्या पाण्यातून ह्यूमिक आम्ले वेगळी काढण्यासाठी वर सांगितलेल्या मण्यांचेच भाऊबंद वापरतात. म्हणजे मनुष्याने केलेले बहुवारिक निसर्गाच्या बहुवारिकास ओळखते. मात्र शेणखताच्या बाजूनेही अतिशयोक्ती करू नये. "एक टक्का सेंद्रिय कर्ब वाढला की जमीन लाखो लिटर जास्त पाणी धरते", असे काही सभांतून सांगितले जाते. जगभरच्या मोजमापांचा मेळ घालता, एक टक्का सेंद्रिय कर्ब वाढल्याने शंभर मिलिमीटरच्या थरात पिकाला मिळणारे पाणी सरासरी सुमारे एक मिलिमीटरने वाढते. भारी चिकण जमिनीत त्याहूनही कमी, रेताड जमिनीत जास्त. आणि एक टक्का वाढविणे ही सोपी गोष्ट नव्हे. हेक्टरभर रानाच्या पंधरा सेंटिमीटर थराचे वजन सुमारे वीस लाख किलो असते. त्याचा एक टक्का म्हणजे वीस हजार किलो कर्ब. आमच्या उन्हात तो जळूनही लवकर जातो. एका हंगामात एवढी वाढ व्हायची नाही.

तरीही आम्ही शेणखताच्याच बाजूचे आहोत. कारण काळ्या जमिनीचे खरे दुखणे पाणी धरण्याचे नसून पाणी आत घेण्याचे आहे. लातूरला वर्षाला साडेसातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस सरासरीने पडतो, नांदेडला त्याहून थोडा अधिक. तो थोड्या दिवसांत, जोराच्या सरींनी येतो. वरची माती विरघळून तिचा पापुद्रा धरतो आणि पाणी उताराने निघून जाते. ह्यूमस मातीच्या कणांना बांधून रवाळ ठेवतो, पापुद्रा धरू देत नाही, आणि येणारे पाणी भेगांतून व छिद्रांतून खाली उतरते. एका जोराच्या सरीत वाहून जाणाऱ्या पाण्यापैकी पाच मिलिमीटर जरी मुरविले, तरी हेक्टरी पन्नास हजार लिटर झाले. पाच किलो भुकटी पूर्ण फुगून जितके पाणी धरते, त्याच्या जवळजवळ तीसपट हे पाणी आहे. रुंद वरंबा-सरीवर पेरणी, उताराला आडवी मशागत, सोयाबीनचा भुसा न पेटविता त्याचे खत, बांधावर गिरिपुष्प, ही सारी कामे त्यासाठीच आहेत. परभणीचे कृषी विद्यापीठ आपल्याच विभागात आहे, आणि लातूरला गळीत धान्यांचे व नांदेडला कापसाचे संशोधन केंद्र आहे. शंका असल्यास तेथे विचारावे. भुकटीचा प्रयोग करावयाचाच असेल तर गावात एकाच शेतकऱ्याच्या रानात, शेजारी तेवढेच रान भुकटीविना ठेवून करावा, आणि दोन्हींचे उत्पन्न तोलूनच पुढील वर्षी बोलावे.

पिण्याच्या पाण्याबाबत एक वाक्य आवश्यक आहे. कोळशाचा थर असलेली गाळणी पाण्याचा वास, रंग आणि औषधाचा अंश पकडते. परंतु जडपणा, नायट्रेट किंवा किनवट-माहूरकडील काही गावांच्या पाण्यात आढळणारे फ्लोराइड ती पकडत नाही, आणि जंतूंची खात्रीही देत नाही. फ्लोराइडसाठी सक्रिय ॲल्युमिनासारखे वेगळेच माध्यम लागते. पाण्याचे परीक्षण न करता गाळणी घेणे म्हणजे आजार न पाहता औषध घेणे होय. शिवाय कोळशाच्या जागा भरल्या की तो काही पकडेनासा होतो. वर्षानुवर्षे न बदललेला थर जंतूंचेच घर बनतो.

आणि शेवटी डब्यांविषयी, ज्याची आम्हांला सर्वांत अधिक काळजी वाटते. पाणीटंचाईच्या दिवसांत घरात असेल नसेल ते भांडे पाण्यासाठी बाहेर निघते. त्यात औषधाचे रिकामे प्लॅस्टिकचे डबेही असतात. डबा चांगला धुतला, वास गेला, आता काय होते, असे पुष्कळांना वाटते. परंतु ज्या पॉलिथिलीनचा तो डबा असतो, तेही बहुवारिकच आहे. पाणी त्यात शिरत नाही. तेलकट औषध आणि ते ज्या द्रावकात मिसळलेले असते तो द्रावक मात्र डब्याच्या अंगात मुरतो. रॉकेलचा डबा दहा वेळा धुतला तरी त्याचा वास का जात नाही, ते यावरून कळेल. पाण्याने धुतल्याने आतला पृष्ठभाग साफ होतो, भिंतीत मुरलेले द्रव्य राहते, आणि पुढे पाणी भरून ठेवले की ते हळूहळू त्यात उतरत राहते. उन्हात तापलेल्या डब्यात ते अधिक वेगाने उतरते. फवारणीच्या वेळी डबा तीनदा विसळून ते पाणी पंपात घालावे, एवढ्याचसाठी धुणे उपयोगी आहे. डबा पिण्याच्या पाण्यास, तेलास, दुधास, किंवा गुरांच्या पाण्यासही योग्य होत नाही. कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये रिकाम्या डब्यांची विल्हेवाट ते पुन्हा वापरात येणार नाहीत अशीच लावावयाची आहे. कार्यकर्त्यांनी फवारणीच्या हंगामात घरोघर जाऊन असे डबे पाहावेत, मालकासमक्ष त्यांना खिळ्याने भोके पाडावीत, आणि ज्या घरी पाणी साठविण्यास दुसरे भांडे नाही त्या घराचे नाव ग्रामपंचायतीकडे त्याच दिवशी द्यावे.